बोटांनीं निवडलेली लिपी

श्रोतेहो, या घटकेला मी आपणांशीं बोलत आहें आणि आपणांपैकीं कोणीही मला पाहत नाहीं. माझा चेहरा, माझ्या हातांतील कागद, समोरचें यंत्र, यांतलें कांहींच आपल्याला दिसत नाहीं. तरी माझें म्हणणें आपल्यापर्यंत पोहोंचण्यांत त्यामुळें कांहीं उणें पडत नाहीं. नभोवाणीपुढें डोळस आणि अंध असे दोन वर्ग नाहींत. परंतु भाषण संपलें आणि त्यांतलें एखादें नांव टिपून ठेवावें, परगांवच्या भावाला पत्र लिहावें, हिशेबाची वही पाहावी, असें मनांत आलें कीं, हे दोन वर्ग पुनः वेगळे होतात. डोळस माणूस टेबलावरची लेखणी उचलतो. अंध माणसानें काय उचलावें?

या प्रश्नाला माणसांनीं दिलेल्या उत्तरांचा इतिहास सुमारें अडीच शतकांचा आहे. त्यांत सद्भाव पुष्कळ आहे, बुद्धीही पुष्कळ आहे; आणि एक चूक त्यांत वारंवार झालेली दिसते. साधन ज्याच्यासाठीं करावयाचें, त्यालाच विचारावयाचें राहून गेलें. आपल्याकडे म्हण आहे, ज्याचें जळतें त्याला कळतें. त्या म्हणीचा एवढा चोख पुरावा दुसऱ्या एखाद्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

प्रारंभ पॅरिसमध्यें होतो. १७७१ सालीं तेथील एका जत्रेंत कांहीं अंध वादकांना विचित्र झगे आणि पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे घालून बसविलें होतें. समोर वाद्यलेखनाचे कागद मांडले होते, आणि ते बेसूर वाजवीत असतां भोंवतालचा जमाव खदखदां हंसत होता. त्या जमावांत व्हॅलेंटीन हाउई नांवाचा एक तरुण भाषापंडित उभा होता. त्याला हंसूं आलें नाहीं. या लोकांच्या हातीं खरींखुरीं पुस्तकें देईन, असा निश्चय त्यानें केला, आणि १७८५ सालीं पॅरिसमध्यें अंध मुलांची जगांतील पहिली शाळा त्यानें चालूं केली. ओल्या जाड कागदावर पाठीमागून मोठे ठसे दाबून तो रोमन अक्षरें उठावदार करी, आणि मुलें त्यांवरून बोटें फिरवून वाचीत.

हाउईची योग्यता मोठी. अंध माणूस भीक मागण्यासाठीं जन्मलेला नाहीं, तो शिकूं शकतो, ही गोष्ट त्यानें युरोपला प्रत्यक्ष दाखवून दिली. पण त्यानें जीं अक्षरें उठावदार केलीं, तीं डोळ्यासाठीं घडलेलीं होतीं. डोळा एका दृष्टिक्षेपांत गोल आणि चौकोन ओळखतो. बोटाला त्याच अक्षराच्या कडेकडेनें वाट चालावी लागते, आणि वाट संपेपर्यंत आपण कोठें निघालों होतों याचा विसर पडतो. पुस्तकें अवजड होत, खर्च भारी लागे, म्हणून तीं शाळेंतही मोजकींच होतीं. आणि सर्वांत मोठें वैगुण्य असें कीं, मुलाला वाचतां येई, पण लिहितां येत नसे. ठसे आणि दाबयंत्र यांवांचून तें अक्षर उमटतच नसे. दुसऱ्यानें दिलेलें घ्यावें, आपल्या मनांतलें मात्र कागदावर ठेवतां येऊं नये, अशी ती साक्षरता होती.

याच शाळेंत १८१९ सालीं दहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचें नांव लुई ब्रेल. ४ जानेवारी १८०९ रोजीं पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नांवाच्या खेड्यांत त्याचा जन्म झाला. बाप खोगिरें आणि घोड्यांचा साज बनवीत असे. तीन वर्षांचा लुई त्या कामाच्या खोलींत खेळत असतां एक टोंकदार हत्यार त्याच्या डोळ्यांत गेलें. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली, आणि पांचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टि पूर्णपणें गेली. खोगीर करणाऱ्याच्या धंद्याचा एक नियम आहे. घोड्याच्या पाठीचें माप घेतल्याखेरीज खोगीर बेतावयाचें नाहीं. कारण न बसणारें खोगीर कितीही सुबक असलें तरी पाठीला जखम करतें. मुलाला हा नियम कोणी शिकविला होता कीं नाहीं, हें इतिहास सांगत नाहीं. त्यानें पुढें जें केलें, तें मात्र याच नियमाला धरून होतें.

१८२१ सालीं शार्ल बार्बिए या गृहस्थानें आपली एक नवी लेखनपद्धति शाळेपुढें मांडली. ज्यांना नेहमींच्या लेखनाचें शिक्षण मिळणें दुरापास्त, अशांसाठीं त्यानें ती योजिली होती. तींत रेघा नव्हत्या, नुसते उठावाचे ठिपके होते. हा शोध फार मोलाचा. रेघ डोळ्याला कळते, ठिपका बोटाला कळतो; शिवाय ठिपका एका साध्या टोचणीनें कागदावर उमटवितां येतो, म्हणजे लेखणीही अंध माणसाच्या हातीं आली. परंतु बार्बिए स्वतः डोळस होता. त्याच्या अक्षरांत बारापर्यंत ठिपके असत, सहा उंच आणि दोन रुंद. एवढें चिन्ह बोटाच्या अग्राखालीं एकदम मावत नाहीं; बोट खालीं-वर सरकवीत राहावें लागतें. शिवाय हें लेखन केवळ उच्चाराला धरून होतें. शुद्धलेखन त्यांत नव्हतें. विरामचिन्हें, अंक आणि संगीत यांचीही सोय नव्हती. थोडा निरोप धाडण्यापुरतें तें ठीक होतें. विद्येला तें पुरेसें नव्हतें.

बारा-तेरा वर्षांच्या लुईनें ही पद्धति हातीं घेतली आणि ती आपल्या बोटावर घासून पाहण्यास प्रारंभ केला. तीन वर्षें तो ठिपके कमी करीत, चिन्हें बदलीत राहिला. १८२४ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्याची मांडणी मुख्यतः तयार झाली, आणि १८२९ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. बार्बिएपासूनच आपल्याला मूळ कल्पना मिळाली, हें त्यानें त्या पुस्तकांत मोकळेपणानें नमूद केलें आहे.

ही मांडणी ऐकूनही समजेल इतकी सोपी आहे. उभे तीन ठिपके डावीकडे आणि तीन उजवीकडे, असें सहा घरांचें एक लहान चौकट मनांत आणा. डावीकडचे वरून खालीं एक, दोन, तीन. उजवीकडचे चार, पांच, सहा. यांपैकीं कोणते ठिपके उठवावयाचे आणि कोणते सोडावयाचे, एवढ्यावरून त्रेसष्ट निरनिराळीं चिन्हें होतात. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार ठिपक्यांत बसविलीं. त्यांनाच तिसरा ठिपका जोडला कीं पुढचीं दहा. मग तिसरा आणि सहावा दोन्ही जोडले कीं त्यापुढचीं. दहा चिन्हें पाठ झालीं कीं उरलेलीं जवळजवळ आपोआप येतात. आणि मुख्य गोष्ट ही कीं, तें सबंध चौकट एका बोटाच्या पेराखालीं एकाच स्पर्शांत मावतें. सहा हा आंकडा गणितांतून निघालेला नाहीं. तो बोटाच्या मापांतून निघालेला आहे.

मी स्वतः एकदां ब्रेल लिपींतील एक पान डोळे मिटून चांचपून पाहिलें. मला किसणीवरून हात फिरविल्यासारखें वाटलें. एकही अक्षर वेगळें लागलें नाहीं. त्या क्षणीं माझ्या मनांत आलें, हें कोणाला कसें वाचतां येईल? आणि लगेच उमगलें कीं, त्या काळच्या डोळस शिक्षकांच्या मनांतही हेंच आलें असेल. आपल्या अडाणी बोटाची साक्ष काढून आपण दुसऱ्याच्या तयार बोटाचा निवाडा करतों.

तसा निवाडा पॅरिसच्या त्या शाळेंतही झाला. ब्रेल तेथेंच शिक्षक झाला होता, आणि मुलें त्याची लिपी आवडीनें वापरीत होतीं. १८३७ सालीं शाळेनें फ्रान्सच्या इतिहासाचें एक पुस्तक तींत छापलेंही होतें. १८४० सालीं शाळेचा प्रमुख बदलला. द्युफो नांवाचे गृहस्थ त्या जागीं आले, आणि त्यांनीं ब्रेल लिपीला मज्जाव करून उठावदार रोमन अक्षरें पुनः आणलीं. द्युफो दुष्ट होते असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, डोळसांना न कळणारी लिपी अंधांनीं वापरली तर ते समाजापासून अधिकच तुटतील. हा युक्तिवाद आजही कानीं पडतो, आणि त्यांत तथ्यांश आहे. परंतु मुलांना जवळ करण्याच्या इच्छेनें त्यांच्या हातची लेखणीच काढून घेतली जात होती, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. मुलें चोरून लिहीत राहिलीं, चोरून एकमेकांच्या वह्या वाचीत राहिलीं. जी गोष्ट मुलें शिक्षेचें भय असतांही सोडीत नाहींत, ती त्यांच्या किती उपयोगाची असली पाहिजे!

ब्रेलनें या आक्षेपाला दिलेलें उत्तर मला फार हृद्य वाटतें. त्यानें वाद घातला नाहीं. आक्षेपांतला खरा अंश त्यानें उचलला आणि त्यावर आणखी एक साधन केलें. १८३९ सालीं त्यानें अशी एक पद्धति प्रसिद्ध केली कीं, तिनें अंध मनुष्य ठिपक्याठिपक्यांनीं नेहमींच्या रोमन अक्षराचा आकार कागदावर उमटवूं शके. म्हणजे आईला पत्र लिहावयाचें तर आई वाचूं शकेल अशा अक्षरांत, आणि स्वतःसाठीं लिहावयाचें तर बोटाला रुचेल अशा ठिपक्यांत. हें काम हातानें फार सावकाश होई, म्हणून त्याच शाळेचा माजी विद्यार्थी पिएर फूको, तोही अंध, यानें ब्रेलच्या सहकार्यानें १८४१ सालीं त्यासाठीं एक लेखनयंत्र बनविलें. एकाच माणसाला दोन प्रसंगीं दोन वेगळीं साधनें लागतात, हें त्या दोघांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाहीं.

१८४४ सालीं शाळेची नवी इमारत उघडण्यांत आली, तेव्हां उपप्रमुख ग्वादे यांच्या पुढाकारानें ब्रेल लिपीचा जाहीर गौरव झाला. द्युफोंचा विरोधही तोंपर्यंत मावळला होता. ६ जानेवारी १८५२ रोजीं ब्रेल क्षयानें वारला. नुकतेंच त्रेचाळिसावें वर्ष पुरें झालें होतें. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८५४ सालीं, त्याच्या शाळेनें त्याची लिपी अधिकृतपणें स्वीकारली.

तोंवर इतर देशांत निरनिराळ्या उठावदार लिप्यांची दाटी झाली होती. जो तो आपली लिपी उत्तम म्हणून सांगे, आणि सांगणारे बहुतेक डोळस. इंग्लंडांत हा गुंता सोडविला तो टॉमस आर्मिटेज यांनीं. हे डॉक्टर होते. दृष्टि अधू होत गेल्यामुळें त्यांना धंदा सोडावा लागला. १८६८ सालीं त्यांनीं लिप्यांची परीक्षा करण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें आणि त्याला एक अपूर्व अट घातली. निर्णय करणारे सभासद अंध असले पाहिजेत. त्यांना निदान तीन लिप्या बोटांनीं वाचतां आल्या पाहिजेत. आणि कोणत्याही एका लिपींत त्यांचा पैशाचा संबंध नसला पाहिजे. या मंडळानें दीर्घ परीक्षणानंतर ब्रेलची निवड केली. १८७८ सालीं पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा कौलही ब्रेलच्याच बाजूनें पडला. शंभर वर्षांच्या खटपटींत प्रथमच बोटांना मत विचारलें गेलें, आणि बोटांनीं उत्तर दिलें.

पण येथें आणखी एक सावधगिरी हवी. बोटें तरी सारीं सारखीं कोठें असतात? इंग्लंडांतील ब्रायटन गांवचे विल्यम मून हे ऐन तारुण्यांत अंध झाले. पुढें ते अंधांना शिकवूं लागले, तेव्हां त्यांना असें दिसलें कीं, पुष्कळांना त्या वेळच्या उठावदार लिप्या केल्या उमगत नाहींत. म्हणून १८४५ सालीं त्यांनीं मोठ्या, मोकळ्या, सुटसुटीत वळणांची निराळी लिपी केली. उतारवयांत ज्यांची दृष्टि गेली आणि कष्टानें ज्यांचीं बोटें राठ झालीं, अशांना ती वाचतां येई. मधुमेहानें ज्यांच्या बोटांची संवेदना मंदावते, त्यांना आजही बारीक ठिपके लागत नाहींत. लहान मुलाचें बोट, सुताराचें बोट, आजीचें बोट, यांचीं मापें वेगवेगळीं. एक लिपी श्रेष्ठ ठरली म्हणजे दुसऱ्या साधनाची गरज संपली, असें होत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८८७ सालीं अमृतसर येथें अ‍ॅनी शार्प यांनीं अंधांची शाळा काढली, आणि १९०० सालीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनीं. ब्रेल लिपी येथें आली, पण निरनिराळ्या प्रांतांत तिच्या निरनिराळ्या मांडण्या झाल्या. एका ठिकाणचें पुस्तक दुसऱ्या ठिकाणीं वाचतां येईना. साधन ज्याच्या त्याच्या मापाचें असावें हें खरें, परंतु लिपी ही चारचौघांत देवाणघेवाण करण्याची वस्तु आहे. ती सामाईकच हवी. १९५१ सालीं बैरुत येथें युनेस्कोनें भरविलेल्या परिषदेंत या प्रश्नाचा विचार झाला, आणि त्याच सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं 'भारती ब्रेल' सिद्ध झाली. मराठी मुलें हीच लिपी शिकतात.

तिच्यांतली एक गंमत सांगतों. छापील मराठींत 'कि' लिहितांना वेलांटी 'क'च्या आधीं, डावीकडे उभी राहते. उच्चार मात्र आधीं 'क'चा आणि मग 'इ'चा. डोळा दोन्ही एकदम पाहतो, म्हणून त्याचें कांहीं अडत नाहीं. बोट एकामागून एक वाचतें; म्हणून भारती ब्रेलमध्यें आधीं 'क' येतो आणि मागून 'इ'. तो 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, आणि ती 'इ' म्हणजे दुसरा आणि चौथा. कूव्रे गांवच्या मुलानें आपल्या भाषेंतील 'के' आणि 'आय' या अक्षरांना हेच ठिपके दिले होते. सातारच्या एखाद्या मुलाचें बोट आज 'कि' वाचतें, तेव्हां त्याच जुन्या खुणांवरून जातें.

आपण म्हणाल, आतां बोलणारीं यंत्रें आलीं; ठिपके कोणाला हवेत? हा प्रश्न रास्त आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या योजना आज घरोघरच्या दूरध्वनींतही असतात. त्यांतली एक नामांकित योजना, एन्‌. व्ही. डी. ए. या नांवाची, २००६ सालीं मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें आरंभिली; पुढें त्याला जेम्स टेह हा दुसरा अंध सहकारी मिळाला, आणि त्यांनीं ती सर्वांना विनामूल्य दिली. वापरणारा तींत आपल्या सोयीचा आवाज निवडतो, आपल्या सोयीची गति ठेवतो. सरावलेला मनुष्य ती इतकी वाढवितो कीं शेजारी बसलेल्या डोळसाला एक शब्द कळूं नये. ज्याचें जळतें त्याला कळतें, या म्हणीची ही ताजी साक्ष.

तरी कानाला कांहीं गोष्टी सांगतां येत नाहींत. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. आपल्या बोलण्यांत हे दोन शब्द जवळजवळ सारखेच ऐकूं येतात. पहिली वेलांटी कीं दुसरी, हें केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला कोण सांगणार? बार्बिएची पद्धति याच ठिकाणीं अपुरी पडली होती. उच्चार पुरे, शुद्धलेखन कशाला, हा दोनशें वर्षांपूर्वींचा प्रश्न बोलक्या यंत्रांच्या रूपानें पुनः पुढें उभा आहे. आणि पंधरा वर्षांच्या लुईनें त्याला दिलेलें उत्तर अजून खोटें ठरलेलें नाहीं. ज्यांना दिसतही नाहीं आणि ऐकूंही येत नाहीं, त्यांना तर बोलणारें यंत्र मुकेंच. त्यांच्यासाठीं संगणकाला जोडतां येणारी एक पट्टी असते. तिच्यांतल्या बारीक खिळ्या खालीं-वर होऊन मजकूर ब्रेलमध्यें उमटतो. अशा माणसापर्यंत जग पोहोंचतें तें त्या पट्टीवरून.

१९५२ सालीं, मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं, फ्रान्सनें ब्रेलच्या अस्थि कूव्रेहून हलवून पॅरिसच्या पँथिऑनमध्यें, राष्ट्राच्या थोर पुरुषांशेजारीं ठेवल्या. गांवकऱ्यांपाशीं मात्र त्याचे हात राहिले. ते कूव्रेच्या स्मशानांत एका कलशांत आहेत.

निरोप घेण्यापूर्वीं आपल्याच घरांतली एक गोष्ट विचारतों. वडिलांना ऐकूं येईना म्हणून मुलानें हौसेनें महागडें श्रवणयंत्र आणलें, आणि तें आज कपाटांत पडून आहे, असें घर आपल्या ओळखींत असेल. वडिलांना त्यांतून शब्दांऐवजीं भांड्यांचा खणखणाट अधिक ऐकूं येत होता. पण मुलाचें मन मोडूं नये म्हणून ते बोलले नाहींत, आणि मुलानेंही विचारलें नाहीं. तें यंत्र एकदां बाहेर काढा. वडिलांजवळ बसा, आणि तें कानाला कसें लागतें, काय ऐकूं येतें, काय येत नाहीं, हें त्यांना विचारा. मग तें घेऊन दोघे मिळून जाणत्याकडे जा, म्हणजे तो तें वडिलांच्या कानाच्या मापानें लावून देईल.